सासरे माझ्या माहेरी

सासरे निघालेत माझ्या माहेरी. एकटेच.
मला आठवा लागलाय, विमानवाले घेत नाहीत.
नवरा ट्रॉलरवर, उत्तरेला, बर्फाच्या कडेकडेने.
आणि तिकडे पनायला
वादळात बाबांची होडी फुटली.

"होड्याच तर बांधत आलोय," हानुस म्हणाले,
आणि अडुसष्टाव्या वर्षी पासपोर्टचा फोटो काढून आले.
नुकतीच अटक झाल्यासारखा चेहरा.

(हानुसच म्हणायचं. इथे सासऱ्यांना नावानेच हाक मारतात.
पहिलं वर्षभर माझी जीभ रेटत नव्हती.)

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही फिलिपिन्स मांडलंय.
दोन इंजेक्शनं झाली, दिवसभर दंड धरून बसले.
रक्तदाबाच्या गोळ्या चाळीस दिवसांच्या, मूळ खोक्यात,
वर डॉक्टरांची चिठ्ठी, तिला रबर.
पासपोर्टच्या तीन प्रती: एक बॅगेत, एक माझ्याकडे, एक बुटात.
"बुटात?"
"बुटातच."
तिथे दारोदार बूट काढावे लागतील
हे सांगायचं राहूनच गेलं.

नळाचं पाणी पिऊ नका.
हे काही त्यांना पटत नाही.
डोंगरावरून आलेल्या ओढ्याला
थेट तोंड लावणारा माणूस.
पाणी ते पाणी, म्हणतात.

सुट्या नोटा ठेवा, ट्रायसिकलवाल्याकडे मोड नसते.
कुणी "काओन ता" म्हणालं की जेवायला बसायचं,
भूक नसली तरी दोन घास.
मुलं येतील, तुमचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावतील.
झटकू नका. शेकहँड तर मुळीच नको.
नुसता हात सैल सोडा,
दोर सोडता तसा.

सहाला अंधार पडेल. जूनमध्येसुद्धा?
जूनमध्येसुद्धा.
ते वहीत लिहितात: अंधार, सहा.

आणि होकार. हे महत्त्वाचं.
तिथे "हो" बोलत नाहीत, भुवया उचलतात.
हानुस उचलून बघतात, सोबत कानही वर जातात.
इथली माणसं "हो" म्हणताना श्वास आत ओढतात,
दचकल्यासारखा.
पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं,
मी काही विचारलं की या सगळ्यांना धक्काच बसतो.
तेव्हा असं टेबल कुणी मांडलं नव्हतं माझ्यासाठी.
वाऱ्याबद्दलही कुणी सांगितलं नव्हतं.

हातोडी हातातल्या पिशवीत चालत नाही.
रंधा नाही, छिन्नी नाही, सुकवलेलं मटण नाही.
सगळं काढलं, मोठ्या बॅगेत घातलं,
मटण परत खळ्यात टांगलं.

मग तो स्वेटर.
जाडजूड, करडा, मेंढीच्या वासाचा.
चौतीस डिग्री असते हो तिथे, म्हणत मी काढला.
त्यांनी ठेवला. मी काढला.
तिसऱ्यांदा ठेवताना म्हणाले,
"तुझे बाबा रात्रीचे जातात ना समुद्रावर?"

आणि मला आठवलं पहाटेचं ते पोतं,
भिजलेलं, मिठाने कडक झालेलं,
डिसेंबरात बाबांच्या खांद्यावरून आई उतरवायची ते.
सहा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.
मी चेन लावली. बसेना.
बॅगेवर बसले, आठ महिन्यांच्या वजनाने,
तेव्हा लागली.

विमानतळावर धुकं. तीन तास उशीर.
हानुस पायातला कागद सारखा चाचपत होते,
बाहेरून, टाचेने.
आत जाताना काचेपाशी वळले.
मी ओरडले, "सगळं लक्षात आहे ना?"
दोन्ही हातांनी नांगर ओढावा
तशा त्यांनी भुवया वर ओढल्या.

शेजारी फरशी पुसणारी बाई थांबली.
"वडील का तुमचे?"

मी श्वास आत ओढला.