दाराचं कडं

सोपं आहे, मार्लिस. इकडे बस, टेबलाच्या या अंगाला,
तिकडचा पाय लंगडा आहे.
लाँड्रीतून कपड्यांबरोबर येतो तो तारेचा हँगर घे.
मान मोडू नकोस त्याची, टांगायला लागेल.
बाकीचा गुडघ्यावर ठेवून वाकव.
गोल होणार नाही. माझाही झाला नाही कधी,
पस्तीस वर्षं हे कडं असंच आहे, बटाट्यासारखं,
आणि फाटकातून कुणाला कळत नाही.

आता ऑक्टोबर, तर ओकची पानं.
मेपल नको. दोन दिवस मिरवतं
आणि पायपुसण्यावर चुरा होऊन पडतं.
ओक चिवट, आमच्या फिनिश चुलत्यांसारखा,
वाळला तरी फांदी सोडत नाही.
मधे मक्याची सालं. सुतळीने आवळ. गाठ मागे.

बर्फ पडलं की हे उतरवायचं, बाल्सम बांधायचा.
विकत घेऊ नकोस,
चर्चच्या पटांगणात नाताळची झाडं येतात,
बुंधे छाटतात तिथे खालच्या फांद्यांचा ढीग असतो.
रॉय हक्कालाला सांग, इर्याने पाठवलंय.
हातमोजे काढ. चीक लागू दे बोटांना,
तीन दिवस पावालाही त्याचाच वास येईल.
डुलुथच्या थंडीत ते मार्चपर्यंत हिरवं राहतं,
फ्रीझरमधल्या वाटाण्यांसारखं.

उन्हाळ्यात काहीच कष्ट नाहीत.
आर्विडचा जुना दोर, त्याच्या जाळ्याचे चार लाकडी तरंगे,
संपलं.

वसंताचं?
थांब, आधी कॉफी ओतते.

वसंतात विलोच्या कळ्या, मांजराच्या पंजाइतक्या मऊ,
आणि शेवाळ.
त्या वर्षी माझा हात जरा सैल सुटला, शेवाळ जास्त झालं.
एप्रिल सरता सरता एक फिंच आली,
दोन दिवस दाराला आमच्या कुणाचीच पर्वा न करता
काड्या आणत राहिली.
चार अंडी. निळसर, त्यावर मिरी भुरभुरल्यासारखी.

आर्विड, ज्याला मी दर ऋतूत विचारायचे,
"दारावर काही वेगळं दिसतंय?"
आणि जो दर ऋतूत म्हणायचा, "रंग दिलास?",
त्याने पुठ्ठ्यावर लिहिलं: मागून या.
आतून कडी घातली, वर खुर्ची लावली.
डेल्बर्ट टपाल स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकायचा.

मेच्या अकरा तारखेला, रात्री, त्याच्या छातीत कळ आली.
माणसं स्ट्रेचर घेऊन पुढच्या पायऱ्या चढली.
त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला.
"मागून."
मी ओरडले त्याच्यावर. खुर्ची ओढायला धावले.
तो म्हणाला, "इर्या, ती बसलीये."

मागच्या दारात स्ट्रेचर वळेना.
वॉशिंग मशीन सरकवलं. बिटाच्या लोणच्याची बरणी फुटली.
त्यातला एक पोरगा हसला, मग माझ्याकडे बघून गप्प झाला.
चार मिनिटं गेली असतील. पाच.

नाही, त्या रात्री नाही. नंतर सहा दिवसांनी.
चार मिनिटांनी काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.
डॉक्टरांनी असंच म्हणायचं असतं.

दफनाला दुकानातली फुलांची चक्रं आली,
सगळी नीट गोल.
काळे कोट घातलेली माणसं, हातात झाकलेली भांडी,
ओळीने मागून आली, मशीनला खेटून,
कुणी विचारलं नाही का.
जूनच्या सुरुवातीला पिल्लं उडाली.
मग मी पुढचं दार उघडलं. बिजागरी अडकली होती, खांदा लावावा लागला.

तुझी गाठ पुढे आली बघ. फिरव.
बरं दिसतंय. वाकडं आहे, पण बरं दिसतंय.
लक्षात ठेवायचं एवढंच,
वसंतात शेवाळ कमी घाल.
किंवा जास्त घाल.
दार तुझं आहे.