बिलाच्या मागच्या बाजूला

संध्याकाळी साडेसातनंतर एम. जी. रोडवरची गर्दी
मेन रोडकडे वळते, तेव्हा
मी हीट गन बंद करतो
आणि बिलबुकाचं एक पान उलटं घालतो.

चार बाय तीनचं दुकान.
खालच्या खणात मेलेले, आणि न नेलेले.
न नेलेल्यांवर मी चिकटपट्टी लावून नाव लिहितो.
एकावर नुसतं 'सातपूर' आहे:
कुणा इंजिनिअरचा तळहाताएवढा कॉम्प्युटर,
कडेला खोचलेली बारीक कांडी.
दोन हजार चार साली "परवा येतो" म्हणाले होते.
कांडीनं काचेवर 'अ' काढला
की तो दर वेळी 4 समजायचा,
पण लिहिताना हात कसा हलका व्हायचा, काय सांगू.
ती कांडी मी घेतली.
म्हणजे चित्रात घेतली.

काळ्या फोनची बटणं घेतली, पाचवर ठिपका असलेली,
कारण पंचवटीच्या सुलोचना खैरनार, त्यांना दिसत नाही,
एकदा म्हणाल्या, "काचेवर बोट घसरतं हो भाऊ,
कुठे पोचलं ते कळत नाही.
ठिपका म्हणजे दाराची कडी."

पुस्तकं वाचायच्या यंत्राचा पडदा घेतला,
दिंडोरीच्या मळ्यात भर दुपारी
जो उन्हाला भीत नाही.
कॅल्क्युलेटरच्या कपाळावरची सूर्यपट्टी.
टेपरेकॉर्डरचं लाल बटण, दोन बोटांनी दाबायचं,
म्हणजे चुकून कुणाचं बोलणं उचललं जात नाही.
आणि भंगारातून वजनावर आणलेल्या
एस. टी.च्या तिकीट मशीनचा कागदी रोल.
ट्रर्र करून हातात काहीतरी येतं,
खिशात राहतं, धुण्यात त्याचा लगदा होतो,
तरी आलेलं असतं.

पाठ मात्र नखानं उघडावी.
इथेच चित्र अडतं.
गोदेला पूर आला की आठवड्याभरानं
माझ्याकडे असे फोन येतात
ज्यांच्या स्पीकरमधून मी टाचणीनं चिखल काढतो.
डिंक लावावा तर नख शिरत नाही,
नख शिरावं तर गोदा शिरते.
किती पानं गेली ह्या एका फटीवर.
शेवटी कडेला रबर काढलं, कुकरच्या रिंगसारखं.
शेजारी कव्हरं विकणारा इम्तियाज वाकून म्हणाला,
"शिट्टी पण दे. तीन झाल्या की फोन शिजला."
हसलो.
शिट्टी दिली नाही, रिंग ठेवली.

मार्चमध्ये की कधीतरी, घाईत,
तेच पान फाडून दिलं गेलं.
पुढे: डिस्प्ले, बाराशे रुपये, गॅरंटी नाही.
मागे माझं अख्खं यंत्र,
बाणांसकट, मापांसकट.
गिऱ्हाईक सुरगाण्याचं होतं, एवढंच आठवतं.
पुन्हा काढायला बसलो, तर रिंगची जाडी जमेना.
मग काही दिवस नुसतेच हिशेब केले.

परवा शटर अर्धं खाली असताना फोन आला.
आवाज तरणा, मागे पिठाची गिरणी चालू.
"ते बिलामागचं मशीन," तो ओरडून म्हणाला,
"शाळेतल्या सरांना पण दाखवलं.
आमच्याकडं लाइट दोन-दोन दिवस नसते,
रेंज टेकडीवर. याला चालंल ना?
नागली कुणाकडं किती दळायला आली
ते लिहून ठेवता येईल ना?
कितीला पडंल?"

असं काही नसतं, हे सांगायचं होतं.
ओठांपर्यंत आलंही होतं.
गिरणी थांबली.
पलीकडे तो वाट बघत होता, पिठाच्या हातानं फोन धरून असणार.

मी माझा फोन खांद्यानं कानाशी दाबला,
नवं पान उलटं घातलं
आणि विचारलं,
"पंजा केवढा आहे तुमचा?
पट्टी घ्या.
मी थांबतो."