मग गेलं काय?

बंदराच्या टोकाला पत्र्याचं वीजघर, त्यात मी,
एकतीस वर्षं.
दोन डिझेल एंजिनं. थोरलं हिरवं, धाकटं कायम आजारी.
मीटर बघायची गरज नसे,
पन्नासाचा सूर तळपायाला कळायचा.
एलिनबोर्गने पहाटे भट्टी लावली की
फरशी किंचित खाली बसायची,
एंजिन जास्त तेल ओढायचं,
सूर पुन्हा जागेवर.
तिला कधी सांगितलं नाही
की तिच्या पावाचा पहिला वास
मला पायातून येतो.

मग टेकडीवर तीन पवनचक्क्या उभ्या राहिल्या.
तोर्शहावनहून रानवा आली, लॅपटॉप आणि कोरे बूट घेऊन.
सभेत हानूस म्हणाला,
"म्हणजे आता गाव वाऱ्यावर सोडायचं!"
सगळे हसले. मीही.
ती फळ्यावर लिहीत राहिली:
रात्री गावाला लागतात दोनशे किलोवॅट.
वारा देईल सहाशे. किंवा शून्य.
"आणि तुमचं एंजिन," माझ्याकडे बघून,
"तीस टक्क्यांखाली चालवलं तर काजळी धरतं, कुढतं."
मला ठाऊक होतं. माणसांचंही तसंच असतं,
पण सभेत असं बोलत नाहीत.

पहिला हिवाळा.
वाऱ्याच्याच कानात वारं शिरलेलं.
सूर एकावन्नावर उडी मारायचा, अठ्ठेचाळीसात बुडायचा,
शाळेचे दिवे डोळे मिचकवायचे.
दोनदा अख्खं बेट काळोखात,
दुसऱ्यांदा याकुपच्या नातीच्या बाप्तिस्म्याला.
पाद्री पाठ होतं तेवढं म्हणत राहिला,
मग थांबला,
आणि ती पोर रडायला लागली.

रानवा त्या रात्री याकुपकडे जेवली.
त्याच्या मागच्या दारी फटींची खोली:
उभ्या फळ्या, फळ्यांमध्ये बोटभर मोकळं,
आत टांगलेलं मेंढीचं मांस,
मिठाविना, महिनोन्महिने वाळणारं.
"फट किती ठेवायची?" तिने विचारलं.
"वारा आत आला पाहिजे," याकुप म्हणाला,
"पण आलाय हे मांसाला कळता कामा नये."
ती लिहून घ्यायला लागली तसा तो ओशाळला.
आजोबा म्हणायचे, तेवढंच.

पुढच्या बोटीने बॅटऱ्यांच्या पेट्या आल्या,
आणि एक जड चाक. त्याला काम असं काही नाही,
नुसतं फिरायचं, जात्याच्या वरच्या तळीसारखं,
खुंटा सोडला तरी आणखी दोन वेढे घेणारं.
उरलेल्या वाऱ्यावर शाळेचा तलाव तापू लागला.
बाहेर गारा, आत कोमट पाण्यात
पोरं वाऱ्याला शाबासकी देत होती.

मार्चमधला मंगळवार. रात्रीचे अडीच.
रानवा म्हणाली, "तुम्ही बंद करा."
मी थोरल्या हिरव्याच्या अंगावर हात ठेवला,
दुसऱ्या हाताने तेल तोडलं.
थांबायला ते वेळ घेतं.

पडद्यावर पन्नास.
तळपायाला काही नाही.

फोन वाजला. याकुप.
"वीज गेली का रे?"
"दिवा आहे ना तुझ्याकडे?"
"आहे."
"मग?"
"मग गेलं काय?"

खिडकीबाहेर घरामागून घर उजळत होतं,
माणसं दारात, झोपेच्या कपड्यांवर कोट,
शांततेनं उठवलेली.
मेंढ्यांचा आवाज येत होता. आणि ओढ्याचा.
गावातून ओढा जातो
हे चाळीस वर्षांत कानाला ठाऊक नव्हतं.

एवढे दिवे एकदम लागले तसा भार चढला.
चाक जरासं मंदावलं, पेट्यांनी हात दिला,
एकोणपन्नास पूर्णांक आठ,
नऊ,
पन्नास.
माझा हात तेलाकडे निघाला होता.
तो मध्येच राहिला.
याकुपने अजून फोन ठेवला नव्हता.

पाचला एलिनबोर्गने भट्टी लावली.
मला ती पडद्यावर दिसली,
उजव्या कोपऱ्यात बदललेला एक आकडा.
रानवा खुर्चीतच झोपली होती.
मी बूट काढले, मोजे काढले,
आणि गार फरशीवर
पाय टेकवून बघितले.