परतीचं तापमान

सोहार बंदराच्या मागे, तिसऱ्या गल्लीत आमची प्रयोगशाळा.
एक यंत्र, दोन खिडक्या,
त्याही चिकटपट्टीनं बंद केलेल्या.
निकेल-टायटेनियमची भुकटी, पिठाहून बारीक;
ती चाळताना श्वाससुद्धा हिशेबानं घ्यायचा.
भोवती आरगॉन, वरून लेझर,
आणि खाली तीस मायक्रॉनचा एक थर.
मग दुसरा. मग दोनशे तेरावा.
तव्यावर घावन सोडतात, तसंच काहीसं;
पण घावन बिघडला तर खाता येतो.

हा धातू आठवतो.
मराठीत सांगायला सोपं आहे, क्रियापदाचाही धातूच असतो,
कुठल्याही काळात वाकवा, मूळ सोडत नाही.
इंग्रजी अहवालात याला दोन पानं लागली.
थंड असताना चुरगळा, बोटाभोवती गुंडाळा,
मुकाट ऐकतो.
ठरल्या तापमानाला उठतो आणि चालू लागतो
आपल्या पहिल्या आकाराकडे.
सुंभ जळेल, पीळ जाणार नाही:
ही म्हण ज्यानं केली
त्यानं नमुने किती जाळले असतील?

खलफान बलूशीच्या मामाची खजुराची बाग आहे, सहमजवळ.
पाटाचं पाणी, पाळ्या ठरलेल्या, माणूस म्हातारा.
मला हवी एक झडप, करंगळीएवढी.
वीज नको, तार नको,
जमीन बेचाळीसला पोचली की आपसूक उघडावी;
गार झाली की मिटवायला शेजारी साधी स्प्रिंग.

अकरा महिने. छत्तीस झडपा.
पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर धरून आम्ही दोघं:
बेचाळीस.
पंचेचाळीस.
पन्नास.
झडप ढिम्म, रुसलेल्या जावयासारखी.
हे मी मोडक्या अरबीत सांगितलं तेव्हा
खलफान इतका हसला की भांडं सांडलं.

वडील फोनवर विचारतात, काय चाललंय.
कोल्हापुरात, उद्यमनगरात, चाळीस वर्षं त्यांचं लेथ.
कापत जायचं; उरेल ते काम,
पडेल ते भंगार, किलोच्या भावानं.
"तुझ्याकडे कीस पडत नाही म्हणतेस.
मग चूक कुठं पडते?"
आत, म्हटलं. थरांच्या मध्ये.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मग अवघड आहे गं."

एकोणिसावी झडप मी वैतागून
खलफानच्या जुन्या सनीत डॅशबोर्डवर भिरकावली होती.
ऑगस्ट. जुहरची नमाज आटोपून तो गाडीकडे गेला
आणि आलाच नाही.
बाहेर येऊन पाहते तर
दरवाजा उघडा ठेवून नुसता उभा.
काचेमागे, धुळीत, पार्किंगच्या पिवळ्या पावतीवर
झडप उघडली होती.
पूर्ण.
मी पळत जाऊन थर्मामीटर आणला: एकोणसत्तर.

म्हणजे पन्नासला हात टेकले ते आम्ही.
लेझरच्या आचेनं थोडं निकेल उडून गेलं होतं,
हजारात दोन-तीन अणू, फार तर;
तेवढ्यानं आठवण सत्तावीस अंश वर सरकते.
हे मला पुस्तकातून माहीत होतं.
पुस्तकातून मला बरंच माहीत असतं.

रजेच्या अर्जात परतीच्या तारखेचा रकाना असतो,
अहवालात परतीच्या तापमानाचा.
दोन्ही मी पेन्सिलीनं भरते.

एकोणसत्तरची झडप बागेत काय कामाची?
खजूर तोवर उभ्या उभ्या वाळायचे.
खलफाननं ती मागून घेतली.
रोज संध्याकाळी अंगठ्यानं दाबून मिटतो,
रोज दुपारी ती त्याच पावतीवर उघडते,
आणि तो मला फोटो पाठवतो, कालच्यासारखाच.
मामा विचारतोय, पाणी कधी.
लेझर नऊ वॅटनी खाली आणलाय.
सदतिसावी आत्ता
एकशे बाराव्या थरावर आहे.