तीन हिरवे

बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं
मी तारांच्या जोड्या लावल्या:
पांढऱ्याशी निळी, पांढऱ्याशी नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखी,
मग लाल धरून पुन्हा निळीपासून.
झोपेतही चुकणार नाही.
म्हणून सोल्डरिंग माझ्याकडे.
बाकी सगळं विमान मोरेश्वरचं.

विश्रांतवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत
दोन इंजिनांचं, आठ आसनांचं जेट.
शेठ लोकांचं. खरं असतं ते आतून कातडी,
बाहेरून दुधासारखं, असं तो सांगतो.
आमचं आतून टिंबर मार्केटचं प्लाय
आणि बाहेरून काहीच नाही,
कारण बाहेर लगेच कपाट आहे.

थ्रॉटलच्या दांड्या भोसरीच्या मुनाफनं लेथवर काढल्या.
खुर्च्या जुन्या बाजारातल्या, मारुती व्हॅनच्या.
योकच्या पोटात चेतकची स्प्रिंग.
"ओढताना वजन लागलं पाहिजे, ताई.
हवेचं वजन."

तपकीर गल्लीत त्यानं डोळे मिटून
चाळीस बटणं दाबून पाहिली,
एकेकाचं टक् ऐकत.
दुकानदार म्हणाला, काका, दिवा लाल होतोय ना, मग झालं.
याला लाल काय सांगतोस बाबा.

एकदा एक पॅनेल सात मिलिमीटर वर बसलं.
मला बोट ठेवून दाखवलं तरी दिसेना.
रात्री बाराला त्यानं सगळं उपसलं.
खालच्या गोसाव्यांनी ड्रिलबद्दल सोसायटीला पत्र दिलं,
त्यात 'विमान' हा शब्द अवतरणचिन्हात.
तेवढंच त्याला लागलं.

एक्क्याऐंशी साली
वैमानिक व्हायचं तर आधी डोळे दाखवायचे होते.
ठिपक्यांचं पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडा.
ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून ते मी दोन दिवसांसाठी आणलं
आणि त्याच्याकडून घोकून घेतलं, पाढ्यासारखं:
बारा, आठ, एकोणतीस, पाच, तीन, पंधरा.
न्हाणीघरातूनही आवाज यायचा, चौऱ्याहत्तर.
तपासणीला डॉक्टरांनी पुस्तक मधूनच उघडलं.
मोरेश्वर म्हणाला, बारा.

पुढे पिंपरीची टूलरूम. मायक्रॉन. पेन्शन.
ते पुस्तक मी परत केलं की नाही
आता आठवत नाही.

आज नागपूरहून येतोय आम्ही.
मागे आठ प्रवासी, म्हणजे गाद्यांची चवड
आणि पाहुण्यांची एक जादा उशी.
डाव्या खुर्चीत तो, उजवीत मी,
मांडीवर यादी, चष्मा नाकावर.
लोहगावची धावपट्टी पडद्यावर उजळत येते
आणि तेवढ्यात खरं सुखोई डोक्यावरून जातं,
भिंती थरथरतात, कपाटातली भांडी वाजतात.
"बघ," तो म्हणतो, "याचे पैसे पडत नाहीत."

मी खाली आपलं घर शोधते.
त्या पुण्यात आपली इमारतच नाही.
तिथे मोकळं मैदान आहे.
"कसलं?" "गवताचं." "बरं."

"चाकं खाली."
दांडी खाली जाते, तिला त्यानं लोहाराकडून
छोटंसं रबरी चाक बसवून घेतलंय.
तीन दिवे लागतात, समोरचं, डावं, उजवं.
ते लागलेत हे त्यालाही दिसतं.
कुठल्या रंगाचे, ते मी लावलेत.
तरी रोज तो समोर बघत विचारतो,
आणि रोज मी, पहिल्यांदा बघावं तसं वाकून बघते,
एकेकावर बोट ठेवते.
"तीन हिरवे."
तो मान हलवतो. तपासत नाही.

टेकतो आम्ही, जरा आपटूनच.
तो इंजिनं बंद करतो, ठरल्या क्रमानं,
टक्, टक्, पंखा हळूहळू थांबतो.
मी पट्टा न सोडता बसून राहते.
"उठ की ताई, कुकर लावायचाय."
थांब रे.
आधी प्रवाशांना उतरू दे.