छाट

साखर पेठेत झेरॉक्सच्या दुकानात
माझी पदोन्नतीची फाईल स्पायरल होतेय.
अकरा शोधनिबंध. प्रत्येकी दीड हजार भरले,
चौथ्या दिवशी छापून आले.
एका प्रमाणपत्रावर नावाआधी ‘डॉ.’ दोनदा.

सुदर्शन येमुल, माझ्याच बाकावरचा,
हॉलंडात असतो.
सहा वर्षं एकाच निबंधावर बसलाय.
दुसऱ्याच स्लाइडला कुणीतरी हात वर करतं म्हणे,
‘हेच कारण कशावरून?’
आणि तास तिथंच संपतो.
तीनदा परत आलाय निबंध,
नोकरी एका मासिकाच्या हो-नाहीवर लोंबकळतेय.
विषय आपलाच :
पूर्व भागातल्या यंत्रमागांची मजुरी.
“तिकडचे आकडे पाठव रे,” परवा म्हणाला,
“इथं सोलापूर कुठंय हे सांगण्यातच
दोन पानं जातात.”

आमच्या चर्चासत्रात हात वर होत नाहीत.
शाल, नारळ, कडक भाकरी, शेंगाचटणी.
आभारप्रदर्शन मात्र लांबतं.

आई बिड्या वळायची, हजाराच्या दराने.
कारखान्यात चेकर जुडी सोडून
सैल, आखूड, फाटक्या पानाच्या
बाजूला टाकायचा :
छाट.
त्याचे पैसे नाहीत.
घरी येऊन ती काही बोलायची नाही,
उद्याची पानं भिजत घालायची.

अकरा निबंध.
एकही छाटात गेला नाही.

“कव्हर पारदर्शक लावू का, सर?
आतलं दिसेल.”

नको, म्हणालो.
निळं लाव.