दस्तुरखुद्द

लातूरच्या लॉ कॉलेजात, पंखा बंद पडलेल्या वर्गात,
बिराजदार सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: सुओ ज्यूरे.
स्वतःच्या हक्कानं.
विलायतेत एखादी बाई अशी उमरावीण असायची,
आणि तिच्या पदावर तिचा नवरा मिरवला
तर त्यालाही लॅटिन होतं, ज्यूरे उक्सोरिस,
बायकोच्या हक्कानं.
मागच्या बाकावर आम्ही हसलो.
परीक्षेत दोन मार्कांना आलं, मग विसरले.

औशाच्या कोर्टासमोर लिंबाखाली माझं टेबल.
सोमवारी सोजरबाई येलगटे आली,
पिशवीत निवडून आल्याचं सर्टिफिकेट,
त्याला भाकरीच्या फडक्याचा वास.
"सरपंच मी हाय, बाई.
खुर्चीत मालक बसतेत. शिक्का त्यांच्या खिशात.
ग्रामसभेत गेले तर म्हनले, चहा ठेव."

ज्यूरे उक्सोरिस! मी ओरडलेच.
शेजारचे जहागीरदार वकील चष्म्यावरून बघू लागले.
"ही शिवी हाय का?"
नाही हो, तुमच्या मालकांचं पद आहे.
"मग कलम कोनतं लावता त्याला?"

एका वतनाच्या दाव्यात मोडी कागद चाळले होते मी.
पाटलांच्या सहीच्या जागी नांगर, ओळीनं नांगर,
आणि एकाच कागदाच्या कोपऱ्यात
बाईची निशाणी, बांगडी.
वाकडा, शाई फुटलेला गोल.
नक्कल करणाऱ्यानं शून्य समजून
सोडून दिला होता.

कलेक्टरला अर्ज लिहायला घेतला.
पतीचे अथवा वडिलांचे नाव?
"रिकामं सोड."
चालत नाही.
"मग आडवी रेघ मार. रेघ चालती ना?"
सवयीनं मी शाईचं पॅड पुढं सरकवलं.
तिनं ते एका बोटानं बाजूला केलं
आणि पेन मागितलं.
'सो'ला वेळ लागला. 'ज'वर कागद जरा फाटला.

उठताना म्हणाली, ते पयलं काय म्हनलीस, आपलं?
सुओ ज्यूरे.
तिनं तोंडात घोळवलं,
सुओज्यूरे, सोज्युरे, सोजरे.
"आगं, माय मला अशीच हाक मारायची
नदीच्या पल्याडून."

फी पुढच्या बाजारी देते म्हणाली.
अर्जाला पोच मिळाली आहे, तारीख पुसट.